‘गॅस झाला असेल’



वारीच्या अंकासाठी आठवणीतले काही लिहा, असा संपादकांचा निरोप आला. कीर्तन सोडून मला आता काही वर्षे झाली. दोन तास उभे राहून बोलण्याची ताकद उरली नाही, पण बसून लिहिता येते. कीर्तनात जे मी कधी सविस्तर सांगितले नाही ते इथे लिहितो. गोष्ट पोटाच्या एका दुखण्याची आहे, आणि माझ्या चुकीचीही आहे.

आमचे मृदंगवादक आप्पा आणि मी अडतीस वर्षे एकत्र होतो. मी आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली. आप्पा कुठल्याच संस्थेत गेले नाहीत, वडिलांच्या शेजारी बसून त्यांचा हात तयार झाला. माझा आवाज कुठे चढणार, मी श्वास कुठे घेणार, हे माझ्याआधी त्यांच्या बोटांना कळत असे. क्वचित एखादे प्रमाण ऐनवेळी आठवले नाही, तर आप्पा मध्येच लांबलचक तुकडा वाजवून मला वेळ काढून देत. श्रोते माना डोलवत. खरी गंमत आम्हा दोघांनाच ठाऊक.

२०१८ सालची आषाढी वारी. माऊलींचा सोहळा बरडला मुक्कामी होता. संध्याकाळी एका माणसाने दिंडीला पंगत दिली होती. बुंदी, भजी, तिखटजाळ आमटी. आप्पांना भज्यांची आवड. रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली, तर राहुटीत आप्पा उकिडवे बसलेले, गुडघे पोटाशी घेतलेले, डोके पुढे टेकलेले.

“महाराज, बेंबीच्या वर दुखतंय. आरपार पाठीत जातंय.”

मी कुशीवर वळलो आणि म्हणालो, “गॅस झाला असेल.”

आपल्याकडे हा एक शब्द सगळ्या दुखण्यांना पुरतो. पोट दुखले की गॅस, छातीत कळ आली की गॅस, पाठ भरली तरी गॅस, आणि डोके दुखले तर तो गॅस डोक्यात चढला. नाव दिले की दुखणे ओळखीचे होते, आणि ओळखीच्या दुखण्याला कोणी भीत नाही. सकाळी सगळी दिंडी वैद्य झाली. कोणी ओवा-मीठ दिले, कोणी बेंबीवर हिंग लावला, कोणी सोड्याची पुडी पाण्यात ढवळून पाजली. आप्पांनी सगळे मुकाट्याने घेतले आणि सगळे ओकून टाकले.

दुसऱ्या दिवशी नातेपुतेपर्यंत ते ट्रकमध्ये बसून आले. आडवे व्हा म्हटले तर होईनात. आडवे झाले की जास्त दुखते, पुढे वाकून बसले की जरा बरे वाटते, असे म्हणत होते. ही या दुखण्याची ओळखीची खूण आहे, हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी ती माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर बसून होती आणि मी तिला ओवा देत होतो.

नातेपुत्याला रात्री माझे कीर्तन. आप्पा म्हणाले, “आज दुसऱ्या कोणाला बसवा.” मी म्हणालो, “आप्पा, नाम घ्या, उतरेल. तुमच्याशिवाय मला उभे राहता येत नाही.” यातले दुसरे वाक्य खरे होते. पहिले वाक्य मी अधिकार नसताना बोललो.

त्या रात्री निरूपणाला तुकोबारायांचा देहावरचा अभंग घेतला होता. जाणकारांना ठाऊक आहे की त्या एकाच अभंगात देहाला नावेही ठेवली आहेत आणि देहाची थोरवीही गायली आहे. मी वर्षानुवर्षे पहिल्या भागावरच रमत असे. देह कसा घाणीचा, कसा नाशिवंत, त्याचे लाड कसे करू नयेत, यावर श्रोते हसतात, हळहळतात, कीर्तन रंगते. थोरवीच्या भागापर्यंत येईतो गजराची वेळ झालेली असे. त्या रात्री रंगाच्या भरात मी आप्पांकडे हात केला आणि म्हणालो, “हे बघा आमचे मृदंगमणी. कालपासून पोट दुखतंय. पण देह रडतोय आणि हात विठ्ठलाचं वाजवतोय!” सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. आप्पांच्या कपाळावरून घाम वाहत होता. शेवटच्या गजरात त्यांची धूम चुकली. अडतीस वर्षांत आप्पांची धूम चुकलेली मी पहिल्यांदा ऐकली, आणि त्या एका चुकलेल्या थापेने मला जे कळले ते त्यांच्या दोन दिवसांच्या कण्हण्याने कळले नव्हते. तरीही त्या रात्री मी गाडी काढली नाही. सकाळी पाहू म्हणालो.

सकाळी सदाशिवनगरच्या गोल रिंगणात माऊलींचा अश्व धावत असताना आप्पा खाली बसले ते उठलेच नाहीत. चार पोरांनी उचलून जीपमध्ये घातले आणि अकलूज गाठले.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पोटाला हात लावला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, “दारू घेतात का?” मला राग आला. गळ्यात तुळशीची माळ दिसत नाही का, असे मी बोललोसुद्धा. ते शांतपणे म्हणाले, “बाबा, विचारावंच लागतं. या आजाराची दोन मोठी कारणं. एक दारू, दुसरं पित्ताचे खडे. खडे माळ बघत नाहीत.” सोनोग्राफीत पित्ताशयात खडेच निघाले. रक्तात लायपेज नावाचे द्रव्य किती तरी पटींनी वाढलेले. स्वादुपिंडाला सूज आली होती. आप्पांचा मुलगा पुण्यात नोकरीला, म्हणून सलाईन चालू ठेवून रात्रीतच पुण्याला हलवले.

हे स्वादुपिंड म्हणजे काय, ते मला सत्तरीत पहिल्यांदा कळले. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याच्या पुढे, वीतभर लांबीचा हा अवयव आडवा पडलेला असतो. दोन कामे करतो. रक्तातल्या साखरेवर नजर ठेवणारे इन्सुलिन तयार करतो, आणि अन्न पचवणारा तीक्ष्ण रस तयार करून आतड्यात सोडतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राणिमात्रांच्या पोटात राहून अन्न पचवणारा अग्नी मीच आहे. ज्ञानोबारायांनी तिथे पोटातली आगटी आणि तिला फुंकणारे प्राण-अपानाचे भाते दाखवले आहेत. मी त्यावर कितीदा तरी बोललो असेन. पण ही आगटी चुलीबाहेर पेटली तर काय होते, हे कधी मनात आले नव्हते. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावले: हा रस स्वादुपिंडात असताना झोपलेला असतो, आतड्यात उतरल्यावरच जागा होतो. पित्ताचा खडा घसरून दोघांच्या सामाईक तोंडाशी अडकला, की रस आतच जागा होतो आणि ज्या अवयवाने त्याला तयार केले त्यालाच पचवू लागतो.

पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात सलाईन, वेदनाशामक, ऑक्सिजन. स्कॅनमध्ये दिसले की स्वादुपिंडाचा बराच भाग मेला आहे. मी पुण्यातच राहिलो. आषाढी एकादशीला पंढरपुरात नसण्याची माझी पन्नास वर्षांतली ती पहिली वेळ. रुग्णालयाच्या बाकावर बसून चंद्रभागेचे नाव घेतले, आणि शेजारच्या नळावर हातपाय धुतले.

पौर्णिमा झाली, गोपाळकाला झाला, दिंड्या परतीला लागल्या, तेव्हा आप्पांना थंडी वाजून ताप भरला. रक्तदाब कोसळला, पोट फुगून टणक झाले. डॉक्टरीणबाईंनी डाव्या हाताचे बोट पोटावर ठेवून त्यावर उजव्या हाताच्या बोटाने टकटक करून ऐकले. मला क्षणभर आप्पाच मृदंग लावताना दिसले. ते असेच कान देऊन ऐकत. पुन्हा स्कॅन झाला. बाईंनी मुलाला आणि मला पडद्यासमोर बसवले. करड्या रंगात स्वादुपिंडाची जागा, आणि तिच्यात काळे काळे बुडबुडे, कणीक आंबल्यावर दिसतात तसे.

“हे काळं काय आहे?” मी विचारले.

“गॅस आहे, बाबा.”

त्या क्षणी माझ्या छातीत काय झाले ते मला लिहिता येणार नाही. मी म्हटले होते तेच निघाले, आणि मी म्हटले होते त्यातले काहीच नव्हते.

त्यांनी समजावले ते माझ्या शब्दांत सांगतो. आपल्याला ढेकर येतो तो वायू जठर-आतड्याच्या नळीतला. त्याला दोन्हीकडे वाट असते. हा वायू नळीबाहेरचा, मेलेल्या मांसातला. आतड्यात एरवी गुण्यागोविंदाने राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला असे जंतू आजारपणात आतड्याची भिंत ओलांडून त्या मेलेल्या भागात उतरतात. तिथे रक्तपुरवठा नाही, म्हणजे शरीराचे शिपाई पोचत नाहीत आणि औषधही नीट पोचत नाही. जंतू तिथल्या साखरेवर जगतात, आंबवतात, आणि वायू सोडतात. क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू तर प्राणवायूशिवायच वाढतात. मधुमेह असला की यांना आयते रान मिळते. आप्पांना बारा वर्षांपासून मधुमेह होता, आणि वारीत त्यांच्या गोळ्या दप्तरात तशाच राहत. हे दुर्मीळ आहे, पण झाले तर जिवावरचे. कधी कधी आतड्याला भोक पडूनही तिथे वायू शिरतो, म्हणून तेही त्यांनी तपासून पाहिले. ते नव्हते. जंतूंचाच वायू होता.

मुलगा म्हणाला, “मग आजच पोट उघडा आणि काढून टाका.” मलाही तेच वाटत होते. बाई म्हणाल्या, पूर्वी तसेच करत. पण मेलेला आणि जिवंत भाग अजून एकमेकांत मिसळलेला आहे; आता हात घातला तर रक्तस्राव आवरत नाही. नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी ८८ रुग्णांवर पद्धतशीर तुलना करून २०१० साली दाखवले, की आधी कातडीतून नळी घालून पू बाहेर काढावा, थांबावे, आणि गरज पडली तरच पुढे छोट्या छेदातून मेलेले काढावे. त्याने गुंतागुंत कमी होते. नळी घातलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढचे काही करावेच लागले नाही. “चार आठवडे गेले की मेलेल्या भागाभोवती भिंत धरते. तोवर अँटिबायोटिक, नळी आणि धीर.”

त्याच संध्याकाळी स्कॅनमध्ये पाहत पाहत डाव्या कुशीतून नळी घातली. जो घाण वासाचा पू आला, त्या वासाने मुलगा बाहेर पळाला. मी थांबलो. देहाच्या दुर्गंधीवर मी आयुष्यभर रसभरित बोललो होतो, तो वास आता समोर होता. आणि खरे सांगतो, मला किळस आली नाही. तो वास बाहेर येत होता म्हणजे आप्पा आत राहत होते.

आणखी एक गोष्ट मला उलटी वाटली. माझी समजूत अशी की पोट बिघडले की लंघन, आतड्याला विश्रांती. इथे नाकातून आतड्यात बारीक नळी घालून थेंब थेंब पातळ अन्न चालू होते. मी विचारले, यांना उपाशी का नाही ठेवत? उत्तर आले की आधी तसेच ठेवत. पण आतडे फार दिवस रिकामे राहिले तर त्याची भिंत दुबळी होते आणि जंतूंना पलीकडे जायला वाट मिळते. आतड्याला काम दिले तर तेच पहारा करते. एकादशीचे महत्त्व मी आजही सांगेन. पण आजाऱ्याच्या लंघनावर मी बिनदिक्कत सल्ले देत आलो, ते त्या दिवसापासून बंद केले.

बाहेरच्या व्हरांड्यात आमच्याशेजारी एक बाई सतरंजीवर राहत होती, बीडकडची, ऊसतोडीला जाणारी. तिचा तिशीतला मुलगा आत होता. तोच आजार, कारण दारू. पहिले चार दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. आमचे दुखणे वेगळे, सोवळे, असे काहीतरी मनात होते. पाचव्या दिवशी तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “महाराज, तुमच्या माणसालाबी गॅसच म्हनला का डॉक्टर?” तिच्याही मुलाच्या स्कॅनमध्ये तेच काळे बुडबुडे होते. पडद्यावर शेजारी ठेवले असते तर माळकरी कोणता आणि पिणारा कोणता, हे मला ओळखता आले नसते. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून हरिपाठ म्हटला. तिला माझ्यापेक्षा स्वच्छ पाठ होता. तिचा मुलगा तिसऱ्या आठवड्यात गेला. गाडीत प्रेत चढवताना ती माझ्या पाया पडली. मी तिच्या पाया पडायला हवे होते. मी नुसता उभा राहिलो.

आप्पा राहिले. नळी दोनदा बदलून मोठी घातली. पाचव्या आठवड्यात त्याच कुशीच्या वाटेने लहान छेदातून मेलेला भाग काढला. नंतर काही महिन्यांनी पित्ताशयही खड्यांसकट काढले. घरी आले तेव्हा वजन बावीस किलोंनी उतरले होते. स्वादुपिंड बरेचसे गेले म्हणून आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन, आणि प्रत्येक जेवणासोबत पाचक रसाची कॅप्सूल. पोटातला अग्नी ते आता डबीतून घेतात, असे वहिनी म्हणतात.

निघायच्या दिवशी मी डॉक्टरीणबाईंना एकट्याला गाठले आणि जे आठ आठवडे घशात अडकले होते ते विचारले. “मी त्यांना दोन दिवस उशिरा आणले. त्यामुळे हे झाले का?”

त्या लगेच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बाबा, पहिल्या दिवशी आणलं असतं तर हा भाग मेलाच नसता, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. काहींचा लवकर आणूनही मरतो. पण सुरुवातीच्या तासांत शिरेतून पाणी मिळणं फार महत्त्वाचं असतं, आणि ते तास त्यांनी उन्हात, ओकत, कोरड्या अंगानं काढले. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी ते नाही म्हणणार नाही.”

मला हे उत्तर पुरले. ‘प्रारब्ध होते हो महाराज’ असे मला नंतर अनेकांनी म्हटले. प्रारब्ध मी मानतो. पण ओव्याची पुडी प्रारब्धाने नव्हती दिली, मी दिली होती.

आप्पांशी मी हे बोललो ते पुढच्या कार्तिकीच्या आधी. त्यांच्या ओसरीवर बसून सांगितले, की त्या रात्री मी तुमच्या दुखण्यावर टाळ्या घेतल्या. ते बराच वेळ मृदंगाच्या वाद्या चाचपत राहिले. मग म्हणाले, “टाळ्यांचं काही नाही. पण त्या रात्री तुम्ही अभंग अर्धाच सोडलात, ते मला खटकलं होतं.” अडतीस वर्षे माझ्यामागे बसून त्यांनी हे कधी बोलून दाखवले नव्हते.

२०१९ सालच्या माघ वारीत मी माझे शेवटचे कीर्तन केले. तोच अभंग घेतला. देहनिंदेचे चरण पाऊण तासात संपवले आणि उरलेला सगळा वेळ थोरवीवर दिला. फारसे रंगले नाही. त्या भागाचे दृष्टांत माझ्याकडे तयारच नव्हते. आप्पा मागे खुर्चीवर बसून होते. हातात जोर नव्हता, धूम हलकी पडत होती, पण चुकली नाही.

आता आप्पा वारीला दिंडीच्या ट्रकमधून येतात. इन्सुलिनची बाटली मातीच्या ओल्या मडक्यात ठेवतात. गेल्या वर्षी तरडगावला एक सोळा-सतरा वर्षांचा टाळकरी पोट धरून आला आणि म्हणाला, “आजोबा, जरा गॅस झालाय.” आप्पांनी हातातली कणीक तशीच टाकली, मृदंग बाजूला केला, आणि “जीप काढा” म्हणून असे ओरडले की शेजारच्या दिंडीतले लोक धावत आले. पोरगा नको नको म्हणत असताना त्याला गाडीत कोंबला. आप्पा स्वतः पुढे बसले, कणकेचे हात तसेच. दवाखाना यायच्या आधीच त्याला एक दणदणीत ढेकर आला आणि पोट मोकळे झाले. डॉक्टरांनी तपासून, हसून परत पाठवले.

सगळी दिंडी दोन दिवस आप्पांना चिडवत होती. त्यांनी मृदंगाला नवीन कणीक मळली आणि मला म्हणाले, “चिडवू द्या. आजच्या हरिपाठाला तोच पोरगा माझ्याजवळ उभा करा.”